गोष्टीतला तो माणूस कोण?

वि. स. खांडेकर : जीवन आणि चिंतन



संतांची चरित्रे आपण नेहमीच वाचतो आणि ऐकतो. आज मात्र आम्ही एका लेखकाचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत. हे लेखक ख्रिस्ती नव्हते. पण ते आपल्याच जिल्ह्यात, सांगलीत जन्मले. दवाखान्याच्या निमित्ताने आपल्या कडेगाव परिसरातील कितीतरी कुटुंबे ज्या मिरजेला जातात, त्या मिरजेत त्यांचे निधन झाले. मधल्या ७८ वर्षांत त्यांनी महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना गोष्टी सांगितल्या. त्यांचे नाव विष्णु सखाराम खांडेकर. त्यांची ‘ययाति’ ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल, आणि ज्यांनी वाचली नसेल त्यांनी तिचे नाव तरी नक्कीच ऐकले असेल.

गोष्टी लिहिणाऱ्या माणसाला वाचक काही प्रश्न हमखास विचारतात. हे पात्र तुम्ही कोणावरून घेतले? ही कल्पना तुम्हाला कुठे सुचली? मूळ कथेत असे नाही, मग तुम्ही बदल का केला? पुष्कळ लेखक अशा प्रश्नांना हसून बगल देतात. खांडेकरांनी बगल दिली नाही. आपल्या पुस्तकांना त्यांनी लांबलचक प्रस्तावना लिहिल्या, वाचकांशी मोठा पत्रव्यवहार ठेवला, आणि पात्रे कुठून आली, कथा कशी घडली, हे मोकळेपणाने सांगितले. त्यांच्या त्या उत्तरांत आपल्या कुटुंबांसाठी फार मोलाचे काही आहे असे आम्हाला वाटते. म्हणून हा लेख.

सांगलीचा गणेश

११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत आत्माराम खांडेकर यांच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव गणेश ठेवले. त्या वेळी सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. गाव लहान, पण नाटकाच्या दृष्टीने फार मोठे. मराठी रंगभूमीची सुरुवात ज्या नाटकापासून मानतात ते विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ याच सांगलीत १८४३ मध्ये झाले होते. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे दोन मोठे नाटककार त्याच मातीतले. अशा गावात वाढलेल्या गणेशला नाटकाचे वेड लागले नसते तरच नवल. शाळेत असताना तो नाटकांत रमत असे.

लहान वयातच वडिलांचे छत्र हरपले. तरी मुलगा हुशार निघाला. १९१३ मध्ये मॅट्रिक होऊन तो पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेला. तिथे राम गणेश गडकरी यांच्या लेखनाने आणि सहवासाने तो भारावून गेला. पुढे १९१६ मध्ये चुलत्यांनी त्याला दत्तक घेतले आणि गणेश आत्माराम खांडेकर यांचे नाव विष्णु सखाराम खांडेकर झाले. पण दत्तक गेल्याने परिस्थिती सुधारली असे झाले नाही. पैशाच्या ओढाताणीमुळे कॉलेजचे शिक्षण अर्ध्यावरच थांबले. पदवी हाती नाही, प्रकृती तोळामासा, आणि पुढे काय करायचे हा प्रश्न समोर उभा. आजही आपल्या गावांत अशा उंबरठ्यावर उभी असलेली किती तरी मुले आहेत.

शिरोड्याचे मास्तर

१९२० मध्ये खांडेकरांनी सावंतवाडी भागातील शिरोडे या गावी शिक्षकाची नोकरी धरली. शिरोडे आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे; गोव्याची सीमा तिथून जवळच. ते समुद्रकाठचे खेडे होते. मिठागरे, माडाच्या बागा आणि कष्ट करूनही दोन वेळचे पोट न भरणारी माणसे. मोठ्या शहरात जाऊन नाव कमावण्याची स्वप्ने पाहणारा हा तरुण त्या खेड्यात १८ वर्षे राहिला. त्याने मुलांना शिकवले, शाळा सांभाळली आणि रात्री दिव्याच्या उजेडात लिहिले.

खांडेकरांची पात्रे कुठून आली या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळते. ती शिरोड्याच्या वाटेवर भेटलेल्या माणसांतून आली. १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. साधी माणसे लाठ्या खाताना गावाने पाहिली. त्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ प्रसिद्ध झाली. १९३४ मध्ये ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ आल्या. एका बाजूला चैनीत लोळणारे आणि दुसऱ्या बाजूला भाकरीला महाग झालेले, हे दोन ध्रुव त्यांनी पुस्तकांत वाचून लिहिले नव्हते; ते त्यांनी आपल्या वर्गातील मुलांच्या अंगावरच्या कपड्यांत पाहिले होते.

१९३६ मध्ये त्यांच्या कथेवर मास्टर विनायक यांनी ‘छाया’ हा चित्रपट काढला. त्यानंतर १९३८ मध्ये खांडेकर कोल्हापूरला राहायला आले आणि पुढचे आयुष्य त्यांनी तिथेच काढले. १९४१ मध्ये सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. एकूण १६ कादंबऱ्या, सुमारे २५० कथा आणि कितीतरी लघुनिबंध व समीक्षालेख त्यांनी लिहिले. तमिळमध्ये का. श्री. श्रीनिवासाचार्य यांनी आणि गुजरातीत गोपाळराव विद्वांस यांनी केलेल्या अनुवादांमुळे त्या भाषांतले वाचकही त्यांना आपलाच लेखक मानू लागले.

रूपककथा आणि प्रभूचे दाखले

खांडेकरांच्या लेखनाचा आणखी एक प्रकार आम्हां ख्रिस्ती वाचकांना फार जवळचा आहे. तो म्हणजे रूपककथा. झाड, पाखरू, दगड, दिवा हे बोलू लागतात. एखादा राजा किंवा देवदूत येतो. पानभराची छोटीशी गोष्ट संपते आणि आपण विचारात पडतो. ‘कलिका’ आणि ‘मृगजळातील कळ्या’ या त्यांच्या पुस्तकांत अशा कथा आहेत. मराठीत हा प्रकार रुजवला तो खांडेकरांनी.

या वाटेवर त्यांना एक दूरचा सोबती भेटला, तो म्हणजे खलील जिब्रान. जिब्रान यांचा जन्म १८८३ मध्ये लेबनॉनमधील बशर्री या डोंगराळ गावात एका मारोनाइट कुटुंबात झाला. मारोनाइट ही पूर्वेकडील फार जुनी चर्च, आणि ती आपल्या पोपमहोदयांशी ऐक्यात आहे. पुढे जिब्रान अमेरिकेत गेले, त्यांचे विचार चर्चच्या शिकवणुकीपासून पुष्कळ दूरही गेले. परंतु लहानपणी कानांवर पडलेले शुभवर्तमानातील दाखले त्यांच्या लेखणीतून कधी गेले नाहीत. १९२८ मध्ये तर त्यांनी प्रभू येशूवरच एक पुस्तक लिहिले. या जिब्रानच्या बोधकथा खांडेकरांनी ‘सुवर्णकण’ आणि ‘वेचलेली फुले’ या पुस्तकांतून मराठीत आणल्या. लेबनॉनच्या डोंगरातील एका ख्रिस्ती घरात रुजलेली दाखल्यांची ही परंपरा अशी कोल्हापुरातून मराठी वाचकांच्या हाती आली.

दाखला ऐकल्यावर प्रश्न पडतोच. मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आठवा. प्रभूने पेरणाऱ्याचा दाखला सांगितला. लोक ऐकून निघून गेले. शिष्य मात्र मागे राहिले आणि एकांतात त्यांनी प्रभूला त्याचा अर्थ विचारला. प्रभू त्यांच्यावर रागावून गप्प बसला नाही. बी म्हणजे काय, वाट म्हणजे कोण, खडकाळ जमीन म्हणजे कोण, काटेरी झुडपे म्हणजे काय, हे त्याने एकेक करून समजावले. शिष्यांना त्यातून काय कळले? आपण कोणत्या प्रकारची जमीन आहोत हे आता आपले आपणच तपासायचे आहे, हे कळले. गोष्ट सांगणाऱ्याच्या खऱ्या उत्तराने श्रोत्याची सुटका होत नाही. त्या उत्तराने गोष्ट त्याच्या घरापर्यंत येते.

‘ययाति’ची कथा

१९४२ मध्ये खांडेकरांची ‘क्रौंचवध’ ही कादंबरी आली आणि त्यानंतर बराच काळ त्यांची नवी कादंबरी आली नाही. १९५४ मध्ये ‘अश्रू’ आली आणि १९५९ मध्ये ‘ययाति’. आतापर्यंत शिक्षक, मजूर, ध्येयवादी तरुण यांच्याविषयी लिहिणारा हा लेखक एकदम शाप, वरदान आणि संजीवनी विद्येच्या जगात गेला, याचे अनेकांना आश्चर्य वाटले.

मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वातील आहे. थोडक्यात ती अशी. ययाती हा एक राजा. दैत्यांचे गुरू शुक्राचार्य यांची मुलगी देवयानी ही त्याची पत्नी. दैत्यराजाची मुलगी शर्मिष्ठा एका भांडणामुळे देवयानीची दासी होऊन त्याच घरात येते. ययाती गुप्तपणे शर्मिष्ठेशी संबंध ठेवतो. हे उघड होते तेव्हा शुक्राचार्य त्याला तत्काळ म्हातारपण येईल असा शाप देतात. उःशाप एवढाच, की दुसऱ्या कोणी आपले तारुण्य दिले तर ययातीला ते घेता येईल. मग हा बाप आपल्या मुलांपुढे हात पसरतो. बाकीचे नकार देतात आणि बापाचे शाप घेतात. धाकटा पुरू मात्र हो म्हणतो आणि बापाचे म्हातारपण आपल्या अंगावर घेतो. महाभारतातला ययाती हजार वर्षे सुख भोगतो आणि शेवटी त्याला कळते की भोगाने हाव मिटत नाही. तेव्हा तो तारुण्य मुलाला परत देतो.

खांडेकरांनी ही कथा ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडून सांगितली. प्रत्येक जण आपली बाजू सांगतो आणि वाचक न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. १९६० मध्ये या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कारही. मराठी भाषेला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ.

वाचकांचे प्रश्न आणि खांडेकरांचे उत्तर

या कादंबरीला खांडेकरांनी स्वतःच एक पार्श्वभूमी जोडली. वाचकाच्या मनात येणारे प्रश्न त्यांनी त्यात विचारात घेतले आहेत.

पहिला प्रश्न कचाचा. महाभारतात कच हा देवगुरू बृहस्पतीचा मुलगा संजीवनी विद्या शिकायला शुक्राचार्यांकडे येतो, देवयानीचे प्रेम नाकारतो, दोघे एकमेकांना शाप देतात आणि कच निघून जातो. पुढे त्या कथेत त्याला काम उरत नाही. खाडिलकरांनीही आपल्या ‘विद्याहरण’ नाटकात कच-देवयानीचा हाच भाग घेतला होता. खांडेकरांच्या कादंबरीत मात्र कच पुन्हा पुन्हा येतो, सर्वांना सावरतो, स्वतःवर ताबा ठेवतो. हा कच त्यांनी आपल्या कल्पनेने वाढवला, हे त्यांनी लपवले नाही. भोगामागे धावणारा ययाती एका टोकाला असेल, तर संयमाने प्रेम करणारे कोणीतरी समोर असायला हवे होते.

दुसरा प्रश्न ययातीचा भाऊ यती याचा. तो सर्व काही सोडून रानात जातो, शरीराचा आणि स्त्रीजातीचा द्वेष करतो आणि त्या द्वेषातच भरकटतो. खांडेकरांनी त्याला का आणले? कारण भोग जसा माणसाला बुडवतो तसा देहाचा तिरस्कारही बुडवतो. आपल्या चर्चची शिकवण हेच सांगते. शरीर हे देवाची निर्मिती आहे, विवाह हा पवित्र संस्कार आहे, आणि ब्रह्मचर्याचे व्रत घेणारे धर्मगुरू व व्रतस्थ भगिनी ते द्वेषापोटी घेत नाहीत, प्रेमापोटी घेतात.

तिसरा प्रश्न शर्मिष्ठेचा. राजकन्या असून दासी झालेली, मूल झाल्यावर त्याला घेऊन वनवास पत्करणारी ही स्त्री मूळ कथेत बाजूला उभी आहे. खांडेकरांनी तिला मध्यभागी आणले. देवयानी राणीपण मागते, ययाती सुख मागतो, शर्मिष्ठा मात्र देत राहते.

आणि सर्वांत मोठा प्रश्न ययातीचा. हा ययाती कोणावरून घेतला? कोणत्या राजावरून, कोणत्या श्रीमंतावरून? खांडेकरांच्या उत्तराचा आशय आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. हा ययाती फार जुन्या काळातला कोणी राजा नाही. तो आजचा साधा माणूस आहे. देश स्वतंत्र झाला, यंत्रे आली, सुखाची साधने वाढली, आणि त्याबरोबर माणसाची हावही वाढत गेली. कितीही मिळाले तरी ज्याला आणखी एक हवे असते, तो ययाती. म्हणजे तो प्रश्न विचारणाऱ्या वाचकाच्या अगदी शेजारी बसलेला असू शकतो. किंवा वाचकाच्या खुर्चीतच.

नाथानने हेच केले

हे वाचताना आम्हाला शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथातील बारावा अध्याय आठवला. सामान्यकाळातील ११ व्या रविवारी, क वर्षी, त्यातील भाग आपल्याला मिस्साच्या पहिल्या वाचनात ऐकायला मिळतो. राजा दावीदने उरियाच्या पत्नीशी व्यभिचार केला आणि उरियाला लढाईत मरणाच्या तोंडी दिले. कोणाची बोलायची हिंमत नव्हती. तेव्हा संदेष्टा नाथान आला आणि त्याने राजाला एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरे होती आणि एका गरिबाकडे मुलीसारखी वाढवलेली एकच मेंढी. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने आपल्या कळपाला हात लावला नाही. गरिबाची मेंढी घेतली. गोष्ट ऐकून दावीद संतापला. त्या दुष्टाला शिक्षा झालीच पाहिजे असे त्याला वाटले. तेव्हा नाथानने त्याला दाखवून दिले की तो श्रीमंत माणूस म्हणजे दावीद स्वतःच.

दावीद आणि ययाती दोघेही राजे. दोघांकडे भरपूर होते आणि दोघांनी दुसऱ्याचे घेतले. दावीदचे मोठेपण एवढेच की गोष्टीतला माणूस आपणच आहोत हे कळल्यावर त्याने सबबी सांगितल्या नाहीत. त्याने आपले पाप कबूल केले. म्हणून त्याची गोष्ट शापावर संपत नाही.

आपल्या घरातला ययाती

बंधू-भगिनींनो, ‘ययाति’ वाचताना आपले लक्ष बहुधा राजाच्या वासनेकडे जाते. आम्हाला मात्र आज दुसऱ्या एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधायचे आहे. ययातीने सर्वांत मोठे पाप कोणते केले? त्याने आपल्या मुलाचे तारुण्य मागितले. बापाने आपले सुख लांबवण्यासाठी मुलाचे दिवस उसने घेतले.

आपला कडेगाव तालुका पूर्वी दुष्काळी म्हणून ओळखला जाई. ताकारी आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पाणी आले आणि पुष्कळ शिवारांचे रूप पालटले. ऊस आला, द्राक्षे आली, पक्की घरे झाली. यासाठी आपण देवाचे आभार मानले पाहिजेत. कष्टाने मिळालेली समृद्धी हे पाप नाही. पण त्याबरोबर खांडेकरांना सतावणारा प्रश्नही आपल्या दारात आला आहे. किती मिळाले म्हणजे पुरे?

शेजाऱ्यापेक्षा मोठे लग्न करायचे म्हणून कर्ज काढले जाते. सातबारावर बोजा चढतो. तो बोजा कोण फेडतो? बहुतेक वेळा मुलगा फेडतो, पुण्या-मुंबईच्या खोलीत चौघांबरोबर राहून आणि आपली स्वप्ने बाजूला ठेवून. बाप दारूच्या नादी लागतो आणि पोरगा शाळा सोडून कामावर जातो. भावाच्या फीसाठी बहिणीचे शिक्षण दहावीला थांबते. आई-बापांनी स्वतः न गाठलेले शिखर मुलाने गाठावे म्हणून त्याला न झेपणाऱ्या अभ्यासाला जुंपले जाते, आणि नापास झाला की त्याच्याशी बोलणे बंद होते. बोअर आणखी खोल, आणखी खोल नेली जाते. नातवासाठी जमिनीच्या पोटात पाणी राहील का, हे कोणी विचारत नाही. हे सगळे शाप-वरदानाच्या जुन्या जगातले नाही. पण पुरूने म्हातारपण अंगावर घ्यावे आणि बापाने तरुण होऊन हिंडावे, याहून ते फार वेगळे आहे का?

आपल्याकडे पुरूचे फार कौतुक होते. आज्ञाधारक मुलगा असावा तर असा, असे आपण म्हणतो. पुरू कौतुकाला पात्र आहेच. पण पुरू हो म्हणाला म्हणून ययातीचे मागणे बरोबर ठरत नाही. मुले आपल्या प्रेमापोटी हो म्हणतात. एवढ्या प्रेमाने हो म्हणणाऱ्याकडे काय मागावे याचे भान मागणाऱ्याने ठेवायचे असते. आणि ज्या मुलाने नाही म्हटले, त्याला लगेच शाप द्यायचा नसतो.

इथे लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला ययातीच्या शेजारी ठेवून पाहावा. ययातीच्या कथेत बाप मुलाकडे मागतो. प्रभूच्या दाखल्यात मुलगा बापाकडे मागतो, आणि तेही बाप जिवंत असताना वाटणी मागतो. बाप देतो. मुलगा सगळे उडवून परत येतो तेव्हा बाप हिशेब मागत नाही. धावत जाऊन त्याला मिठी मारतो. प्रभू येशूने आपल्याला दाखवलेला पिता असा आहे. तो आपले तारुण्य हिरावून घेणारा नाही, आपल्यासाठी स्वतःचे देणारा आहे. पुरूची ख्रिस्ताशी तुलना करण्याचा मोह होतो, पण ती जुळत नाही. पुरूच्या त्यागामागे बापाची हाव होती. क्रुसावरील पुत्राच्या समर्पणामागे पित्याचे प्रेम आहे. ज्या घरात क्रूस भिंतीवर आहे, त्या घरातल्या आई-बापांनी कोणत्या पित्यासारखे व्हायचे, हे आता वेगळे सांगायला नको.

शेवटची वर्षे

खांडेकरांच्या आयुष्याची अखेर कष्टाची होती. प्रकृतीने त्यांना कधीच साथ दिली नव्हती. शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी पूर्ण गेली. ज्या माणसाने सगळे आयुष्य वाचण्यात आणि लिहिण्यात घालवले, त्याला समोरचा कागदही दिसेना. तरी त्यांनी काम थांबवले नाही. ते सांगत आणि दुसरे कोणी लिहून घेई. १९६८ मध्ये पद्मभूषण आणि त्यानंतर ज्ञानपीठ असे मोठे मान त्यांना मिळाले.

सुखामागे धावणाऱ्या राजाची कथा लिहिणारा हा लेखक स्वतः मात्र थोडक्यात समाधान मानून जगला. १८ वर्षे खेड्यातल्या शाळेत शिकवताना त्याने मुलांकडून काही घेतले नाही. जे होते ते त्यांना दिले. ययाती कोण, या प्रश्नाचे उत्तर त्याने प्रस्तावनेत लिहिले. ययाती होऊ नये म्हणून काय करावे, याचे उत्तर मात्र त्या शाळेतल्या वर्षांत शोधावे लागते.

२ सप्टेंबर १९७६ रोजी मिरजेत त्यांनी शेवटचा श्वास घेतला. त्यांचे आत्मचरित्र ‘एका पानाची कहाणी’ त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. १९९८ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. मुलांना घेऊन कोल्हापूरला जाणे झाले तर ते जरूर पाहावे.

या आठवड्यासाठी

आम्ही आपल्याला एक छोटी विनंती करतो. या आठवड्यात एके दिवशी रात्रीच्या जेवणानंतर टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवून घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. कोणीतरी ययातीची गोष्ट थोडक्यात सांगावी. मग मोठ्यांनी मुलांना विचारावे की आमच्यासाठी तुम्ही असे काही सोसत आहात का, जे आम्ही मागायला नको होते? आणि मुलांचे उत्तर मध्ये न बोलता ऐकावे. कदाचित ते ऐकणे सोपे जाणार नाही. दावीदलाही सोपे गेले नव्हते. पुढच्या वेळी प्रायश्चित्त संस्काराला जाताना ते उत्तर आपल्याबरोबर न्यावे.

हे प्रभू, तुझ्या दाखल्यांतून तू आमच्याशी बोलतोस. गोष्टीतला तो माणूस कोण, हे ओळखण्याचे धैर्य आम्हाला दे. आमच्या मुलांचे दिवस त्यांचेच राहू दे, आणि आमची हाव तुझ्या दानांत तृप्त होऊ दे. आमेन.